आहाराविषयी दोन शब्द

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. आहारशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही आज उभे राहिलो आहोत, त्यास कारण घडले ते असे.

गेल्या दिवाळीत नातवास घेऊन आम्ही अमरावतीहून अकोल्यास निघालो. बडनेरा स्थानकावर त्याने बटाट्याच्या वेफरचे पाकीट मागितले, आम्ही कौतुकाने घेऊन दिले. मूर्तिजापूर येते न येते तोच तो दुसरे मागू लागला. पहिले केव्हा संपले, हे त्यास सांगता येईना. त्याची दृष्टी मोबाईलवर खिळलेली! आम्ही चष्मा लावून पाकिटावरील बारीक अक्षरे वाचली व त्यास त्रैराशिक घातले: 100 ग्रॅममध्ये स्निग्धांश 35 ग्रॅम, तर 50 ग्रॅमच्या पाकिटात किती? "साडेसतरा," तो म्हणाला. घरी आल्यावर त्याच्याच हातून तितके तेल वाटीत ओतविले. चहाचे जवळजवळ चार चमचे भरले. मुलगा वाटीकडे पाहतच राहिला. खजील झालो ते आम्ही, कारण पैसे आमच्याच खिशातून गेले होते. (सौभाग्यवतींची बोलणी खावी लागली ती निराळीच, ते तेल पुढे फोडणीस लागले.)

आपण वऱ्हाडी माणसे तर्रीची. तेलाशी आपण कधी वैर धरले नाही. शेगावची कचोरी, अमरावतीचा गिला वडा यांस आम्ही आजही नाही म्हणत नाही. परंतु रोडग्यांचे जेवण वर्षातून एखादे वेळी होई. त्यासाठी गोवऱ्या पेटवाव्या लागत, वाट पाहावी लागे, आणि मग पंगतीत चार माणसांसमवेत जेवताना पोट भरल्याचे कळे. पाकिटास ना वाट पाहणे, ना पंगत. हात तोंडाशी जात राहतो आणि मन भलतीकडे असते.

इकडे शिवारात सोयाबीन आले, ज्वारीचा पेरा आटला, भाकरी थापणारे हातही कमी झाले. ज्वारीच्या कण्या नि अंबाडीची भाजी आता पाहुण्यांसाठी 'विशेष' म्हणून होते! 1914 साली ज्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, तेथील मुलांनी दोन जिने चढून धापा टाकाव्यात, हे आम्हांस पाहवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेही 10 कोटींवर असल्याचे आढळले. त्या गणतीत आमच्यासारखे या सभागृहातही पुष्कळ असतील.

शाळेच्या आवारापासून 50 मीटरपर्यंत अतिस्निग्ध, अतिखारट व अतिगोड पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 साली झाला. घरात तो कोणी पाळावयाचा? आणि मंडळात? आज सकाळी याच मांडवात प्रत्येक मुलाच्या हाती एकेक पाकीट व शीतपेयाची बाटली देण्यात आली. अशा 250 मिलिलिटरच्या बाटलीत साधारणतः पाच चमचे साखर असते. व्यवस्थापकांचा हेतू प्रेमाचाच होता, जसा बडनेऱ्यास आमचा होता.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची एवढीच सूचना आहे: पुढील संमेलनात मुलांस मुरमुऱ्यांचा चिवडा व गूळ-शेंगदाणे द्यावेत, आणि तेही पंगतीस बसवून, मोबाईल दाराशी ठेवून. शेंगदाण्यांचे पोते आमच्याकडून. ते निवडावयास मात्र मंडळाने दोन माणसे द्यावीत.