गाव सोडण्याआधी दाखला पाहा
(कुंभारवाडा येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, ही आस आता कुंभारवाड्यातल्या प्रत्येक घरात आहे. म्हणून आपण काय करतो? चौथी-पाचवी झाली की मुलाला शहरात धाडतो. आई भाड्याच्या खोलीत, बाप इथे शेतीवर. आम्हीही हेच केले. थोरल्या मुलाला सहावीला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातले. पुढे सीईटीचा अर्ज भरताना कळले की, ज्या सवलतीवर त्याचा हक्क होता, ती आम्हीच आमच्या हाताने घालवली.

ती सवलत म्हणजे ग्रामीण आरक्षण. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी कोट्यात १५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आहेत. अट एकच मोठी: पहिली ते दहावी, पुरी दहा वर्षे, राज्यातल्या ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिक्षण. एक वर्ष शहरात गेले तरी हक्क गेला. ही सवलत शाळेच्या माध्यमावर नाही, मराठी शाळेतल्या मुलालाही ती मिळते. कन्नड माध्यमाचे ५ टक्के आरक्षण वेगळे, ते आपल्या मराठी शाळांना लागू नाही.

दुसरी चूक गोव्याची. कामधंद्यासाठी आपली कुटुंबे तिकडे जातात, मुलेही तिकडच्या शाळेत जातात. पण कर्नाटकच्या कोट्यासाठी पहिली ते बारावीमध्ये निदान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे, हा मुख्य नियम आहे. नाहीतर मूल ना इथले, ना तिथले.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाप्रश्नाची. महाजन आयोगाने १९६७ मध्ये सुपा कर्नाटकातच ठेवण्यास सांगितले. महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा कायम राहिला, त्यात सुपा म्हणजे आपल्या जोयडा तालुक्यातलीही गावे आहेत. २००४ मध्ये तो दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण वादग्रस्त भागात शिकलेल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने आपल्या वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशात तरतूद ठेवली आहे. सभा-मोर्चात आपण सीमाभाग म्हणतो, मग अर्जावर तो रकाना रिकामा का सोडतो?

मग गावातच राहून शिक्षण कमी पडते, त्याचे काय? हा प्रश्न खरा आहे. इंजिनियरिंगच्या क्रमवारीत बारावीचे निम्मे गुण आणि सीईटीचे निम्मे धरतात, म्हणजे पाया कच्चा असून भागत नाही. यावर दोन उपाय. मुंडगोडचे नवोदय विद्यालय सहावीपासून मोफत आहे, पाचवीतल्या मुलांना त्या परीक्षेला बसवा. आणि दहावीपर्यंत मूल गावात ठेवून अकरावीला बाहेर पाठवा. तेव्हा ग्रामीण हक्क जात नाही.

मते मागायला येणाऱ्यांना रस्त्याबरोबर हेही विचारा: आमच्या शाळेत गणित-विज्ञानाचा शिक्षक कधी देता? आपल्या मंडळानेही दरवर्षी निकालाआधी दाखल्यांसाठी दोन दिवस बसावे. शाळेचा अभ्यास-दाखला मुख्याध्यापकांच्या सहीचा आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, एवढे कागद वेळेवर झाले तरी पुष्कळ.

आमच्या मुलाचे गेले ते गेले. धाकटी मात्र गावच्याच शाळेत आहे. तुमच्या मुलांचे जाऊ नये, एवढ्यासाठीच हे बोललो.