कुक्कुटपालनातील प्रतिजैविके आणि वनस्पतिजन्य पर्याय



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास वा संतवाङ्मय असा विषय अपेक्षित असतो. तेथे मी कोंबडीच्या खाद्याचा विषय घेऊन उभा राहिलो आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या हैदराबाद शहरात आपली ही मराठी शाळा आहे, त्याच्या सभोवतालचा रंगारेड्डीचा परिसर कुक्कुटव्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. राजेंद्रनगरला या विषयाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी रविवारी जे शिजते तेही बहुधा याच परिसरातून येते. तेव्हा विषय परका नाही.

प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक्स म्हणतो ती, कोंबडीच्या रोजच्या खाद्यात शिरली ती रोग बरा करण्याच्या हेतूने नव्हे. 1948 च्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे संशोधक ब-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे औषध काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. जीवनसत्त्वाच्या हिशेबाने जेवढी वाढ व्हावी त्याहून पिल्ले अधिक वाढली. हा वरचा वाटा चोथ्यात राहून गेलेल्या औषधाचा होता. 1951 साली अमेरिकेत अशी द्रव्ये पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून खाद्यात मिसळण्यास परवानगी मिळाली आणि पाहता पाहता ती प्रथा जगभर पसरली. अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन दिले तर जंतू त्याला सरावतील, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. खाद्यातील औषधाची मात्रा अपुरीच असते, आणि ती एखाद्या आजाऱ्याला नव्हे तर हजारो निरोगी पक्ष्यांना रोज दिली जाते.

परिणाम दिसू लागले. 1969 साली ब्रिटनमध्ये स्वान समितीने माणसांच्या उपचारात लागणारी औषधे वाढीसाठी खाद्यात वापरू नयेत, अशी शिफारस केली. स्वीडनने 1986 साली हा वापर बंद केला, आणि 1 जानेवारी 2006 पासून संपूर्ण युरोपीय संघात तो बंद झाला. आपल्याकडची स्थिती सांगायची तर 2014 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने राजधानी परिसरातून कोंबडीचे 70 नमुने तपासले, त्यांपैकी 40 टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. पुढच्याच वर्षी चीनमधून बातमी आली की, कोलिस्टिन या औषधाला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सहज जाऊ शकतो. अतिदक्षता विभागात इतर औषधे हरली म्हणजे डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध. आणि आपण ते कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घालत होतो! भारत सरकारने 2019 साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

मग पर्याय काय, असा प्रश्न येतो आणि लगेच स्वयंपाकघराकडे बोट दाखवले जाते. हळद, लसूण, लवंग, दालचिनी, आणि आपल्या तेलुगू शेजारणी ज्याला वामू म्हणतात तो ओवा. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते का अपुरे, हे कळण्यासाठी एक जुना प्रयोग समजून घेतला पाहिजे.

1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये मेरी कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ज्या जागेत पूर्वी कोंबड्या कधी ठेवल्याच नव्हत्या अशा स्वच्छ जागेत पिल्ले वाढवली, तर औषधाने होणारी जादा वाढ दिसेनाशी होते. पुढे पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांतही हेच दिसले. याचा अर्थ असा की, औषध पिल्लाला मुळीच वाढवत नव्हते. घाणीमुळे जी वाढ खुंटत होती तेवढी ते भरून काढत होते. दमट तूस, कोंदट शेड, गर्दी, पाण्याच्या नळीत साचलेला बुळबुळीत थर, या साऱ्यांवर ते स्वस्तातले पांघरूण होते. माझ्या मते या सबंध विषयाची किल्ली येथे आहे. पांघरूण काढून त्या जागी ओवा ठेवला, तर खालची घाण तशीच राहते.

आता वनस्पतींकडे वळू. ओव्याच्या तेलातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये तेलात विरघळणारी असल्याने जंतूच्या बाह्य पडद्यात घुसतात आणि तो गळका करतात. परीक्षानळीत हे स्पष्ट दिसते. पक्ष्याच्या आतड्यात मात्र त्यांचे प्रमाण तितके राहत नाही. तेथे त्यांचा उपयोग बहुधा दुसऱ्या वाटांनी होतो, म्हणजे पाचक रस वाढणे, आतड्याचा दाह कमी होणे. हळदीतील कुरकुमिन रक्तात फारसे शोषले जात नाही म्हणून माणसाच्या औषधात ती अडचण ठरते. पण आपल्याला काम आतड्यातच करून घ्यायचे असल्याने येथे तो दोष फारसा आड येत नाही. मिरचीची गंमत वेगळी. तिखटाची आग जाणवण्याची जी रचना आपल्या मज्जातंतूंत आहे, ती पक्ष्यांत तिखटाला ओळखतच नाही. गुंटूरची मिरची कोंबडी निवांत खाते. आणि वनस्पतिजन्य द्रव्य खाद्यात घालणे ही काही नवलाई नव्हे. अंड्याच्या बलकाला गडद रंग यावा म्हणून झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क कित्येक वर्षे वापरला जात आहे.

खरी अडचण गुणवत्तेची. निजामाबादच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, पण हळद म्हणजे कुरकुमिन नव्हे. मेघालयातील लाकडोंग हळदीत ते सात टक्क्यांच्या आसपास असते, तर बाजारातील पुष्कळशा हळदीत दोन-तीन टक्केच. म्हणजे एकाच वजनाची दोन पोती, पण औषधी द्रव्य दुपटीहून अधिक कमी-जास्त! त्यात भेसळ, पिवळेपणासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे आपल्या उपखंडात उघडकीस आली आहेत, आणि ते शिसे कोंबडीमार्फत पुन्हा आपल्याच ताटात यायचे. ओव्यासारख्या सुगंधी तेलांची गोष्ट आणखी नाजूक. गोळी खाद्य तयार करताना वाफेची उष्णता 80 अंशांच्या घरात जाते आणि तेल उडून जाते. म्हणून ते सूक्ष्म आवरणात बंद करून द्यावे लागते. लसूण प्रमाणाबाहेर घातला तर अंड्यालाच वास येतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. पाकिटावर हिरवे पान छापले की काम झाले! म्हणून थोडा हिशेब मांडतो. 5,000 ब्रॉयलर पक्ष्यांची एक बॅच दोन किलो वजनापर्यंत नेण्यास दर पक्ष्यामागे सुमारे 3.3 किलो, म्हणजे एकूण साडेसोळा टन खाद्य लागते. पुडीने खाद्यात एक टक्का बचत झाली असे धरले, तर 165 किलो खाद्य वाचले. टनामागे अर्धा किलो या प्रमाणात पुडी लागली सव्वाआठ किलो. त्या 165 किलो खाद्याच्या किमतीहून सव्वाआठ किलो पुडी स्वस्त असेल, तरच व्यवहार. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला हा हिशेब कोणी सांगत नाही. खाद्य कंपनीचे, पिल्ले कंपनीची. मरतूक वाढली की पैसे मात्र त्याचे कापले जातात. अशा माणसाला नुसते प्रतिजैविक सोडा असे सांगणे मला न्यायाचे वाटत नाही.

पुडी उपयोगी आहे की नाही, हे त्याने पाहावे कसे? विक्रेता बहुधा मागच्या बॅचशी तुलना करून दाखवतो. मागची बॅच मे महिन्याची, ही ऑगस्टची, तुलना कसली? त्यापेक्षा एकाच शेडमध्ये जाळी लावून आलटून-पालटून कप्पे करावेत, अर्ध्या कप्प्यांना पुडी घालावी, उरलेल्यांना मुळीच नाही, आणि वजन, खाद्य व मरतूक यांची नोंद ठेवावी. आपल्या नववीच्या विद्यार्थ्यालाही हे जमेल. एक बॅच पुरेशी नाही. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही पाहावेत.

युरोपच्या अनुभवातही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बंदीनंतर काही देशांत क्लॉस्ट्रिडियम जंतूमुळे होणारा आतड्यांचा रोग आरंभी वाढला. तो आवरला त्यात शेडची सुधारणा, लसीकरण आणि खाद्यातील बदल यांचा मोठा वाटा होता. शिवाय रक्ती हगवणीवरची आयोनोफोर गटातील औषधे तेथे आजही खाद्यात चालतात, आणि ती या जंतूलाही आळा घालतात. वनस्पतिजन्य द्रव्ये या सर्वांच्या जोडीला होती, एकटी नव्हती. आणि कळप खरोखर आजारी पडला तर हळदीवर विसंबू नये. पशुवैद्याने रोग ओळखून योग्य औषध पूर्ण मात्रेत द्यावे, आणि औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंत जेवढे दिवस जाऊ द्यायचे ठरलेले आहेत तेवढे जाऊ द्यावेत.

तेव्हा माझा क्रम असा: आधी तूस कोरडे, हवा खेळती, पाणी स्वच्छ आणि पक्ष्यांना पुरेशी जागा, मग लसीकरण, आणि त्यानंतर, अर्क तपासून घेतलेला असेल तर, ओवा किंवा हळद. राजेंद्रनगरच्या संस्थेपासून आपली शाळा फार लांब नाही. शाळेच्या विज्ञानमंडळाने मुलांना तेथे एकदा अवश्य न्यावे.

 कोणाला काही विचारावयाचे असल्यास त्यांनी जरूर विचारावे.