कापडी टाकीचा व्हॉल्व्ह

बारामतीच्या जिरायत पट्ट्यात वा एमआयडीसीतल्या शेडमागे पीव्हीसी-लेपित कापडाची पाण्याची टाकी असेल, तर आधी तिचा व्हॉल्व्ह बघा. बॉल व्हॉल्व्ह एकाच जागी राहिला की क्षार धरून जाम होतो. महिन्यातून एकदा तो पूर्ण उघडून बंद करा. जाम झालाच, तर दांड्याला पाइप लावून जोर देऊ नका. जोडच कापडातून उचकटेल.

टाकीच्या कापडाला लहान भोक पडलं, तर निमुळती लाकडी खुंटी हलकेच फिरवत बसवा. टाकी रिकामी झाल्यावर जागा पुसून कोरडी करा, पॉलिश पेपरने घासा आणि कडा गोल कापलेलं ठिगळ पीव्हीसीच्या गमने चिकटवा. टोकदार कोपरे लवकर सुटतात. इंदापूरकडच्या शेततळ्यांतल्या पॉलिथिन कागदाला मात्र हा गम धरत नाही. तिथे उष्णतेने जोड द्यावा लागतो.