‘पंजाब’ची झाली ‘ट्वीड’

वर्धा जिल्ह्यापासून समुद्र फार दूर आहे. तरी मुंबईच्या गोदींत १८५४ सालीं पाण्यांत सोडलेल्या दोन जुळ्या लढाऊ आगबोटींच्या नांवांशीं या मुलुखाचाही संबंध पोहोंचतो. एकीचें नांव ‘असई’. १८०३ त असईच्या रणांत शिंदे व नागपूरकर भोसले यांचा पराभव झाला. वर्ध्याचा प्रदेश तेव्हां भोसल्यांच्या राज्यांतच होता. दुसरी ‘पंजाब’, तो प्रांत ईस्ट इंडिया कंपनीनें १८४९ त घेतला. आगबोटी तरंगल्या त्याच वर्षीं नागपूरचें राज्यही खालसा झालें. जेत्यानें नांवें ठेवावींत, हा जुनाच रिवाज!

बांधणारे मात्र येथलेच. वाडिया घराण्यांतील कर्सेटजी रुस्तमजी यांनीं ‘पंजाब’ सागवानी लांकडाची घडविली. साग अंगच्या तेलामुळें खाऱ्या पाण्यांतही लवकर कुजत नाहीं. दोन्ही बाजूंस वाफेनें फिरणारीं चाकें होतीं, शिवाय डोलकाठ्या व शिडें.

१८५६-५७ च्या इराणवरील मोहिमेंत ती होती. सत्तावनच्या उठावांत तिचे खलाशी बंगालमध्यें उतरवून त्यांना जमिनीवर लढावयास धाडण्यांत आलें. इतकीच तिची लष्करी चाकरी. मळसूत्री पंखा आल्यावर चाकें मागें पडलीं. १८६३ त तें हिंदी आरमारच मोडलें, आणि दोघी जुळ्या लंडनच्या जॉन विलिस या जहाजमालकानें घेतल्या. एकटी ‘असई’ विकून त्यानें दोहोंची किंमत वसूल केली असें सांगतात. ‘पंजाब’चीं यंत्रें काढून त्यानें तिला निव्वळ शिडांचें जहाज केलें व स्कॉटलंडच्या सीमेवरील नदीवरून ‘ट्वीड’ नांव दिलें.

यंत्रांचें ओझें उतरतांच ती अशी धावूं लागली कीं तिच्या वेगाचा बंदरोबंदरीं लौकिक झाला. १८६४ त इराणच्या आखातांत तारायंत्राचा दोर टाकावयाचा होता. तो वाहणाऱ्या जहाजांत ती होती. दोर टाकतांना जहाजें ओढावयास आगबोटी लागत. एके काळच्या आगबोटीवर ही पाळी! पुढें तिच्याच सांगाड्याची ठेवण डोळ्यांपुढें ठेवून विलिसनें १८६९ त ‘कटी सार्क’ बांधविली. ती आज ग्रीनिचला जतन केलेली असून लोक कौतुकानें पाहतात. मुंबईच्या सुतारांची आठवण तेथें कितीजणांस होत असेल?

१८८८ त ‘ट्वीड’ आफ्रिकेच्या दक्षिणेस अल्गोआ उपसागरांत नष्ट झाली. तिचें सागवान काढून तेथल्या पोर्ट एलिझाबेथ गांवीं एका प्रार्थनामंदिराच्या छपरास लावलें, असें म्हणतात.