'काय' विचारणारे शेजारी



क्रोएशियात, झाग्रेबच्या दोलात्स बाजारात भाजीवाल्या आजींनी मला विचारलं, "काय?" मी चकितच झाले! तिथल्या उत्तरेकडच्या बोलीत 'काय' म्हणजे कायच. किनाऱ्यावर, बेटांवर 'च्या', प्रमाणभाषेत 'श्तो'. बोलींची नावंसुद्धा याच शब्दांवरून पडली आहेत.

टोमॅटो उत्तरेत 'पारादाइझ', कारण तिथे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजांचा अंमल. डोंगरांपलीकडे, डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर तोच 'पोमिदोर', कारण १७९७ पर्यंत तिथे व्हेनिसची सत्ता.

शाळेत सगळे प्रमाणभाषाच शिकतात. तरी घरातलं 'काय' टिकलं, ते आजींमुळे. आपल्या मुलांनाही शाळेची भाषा येईलच हो. घरातलं 'काय' मात्र आपणच विचारत राहायला हवं.