उंबरठ्यापर्यंत पोहोचलेली सेवा



परिचारिका म्हटले की शुभ्र गणवेश, खाटांची रांग आणि डॉक्टरांच्या सूचनेची वाट पाहणारी स्त्री असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. रुग्ण रुग्णालयात येईल तेव्हाच सेवेचा आरंभ होतो, हा त्यामागील समज. या समजाला कृतीने उत्तर देणाऱ्या लिलियन वाल्ड यांचे चरित्र आज मननासाठी घेतले आहे.

१८६७ साली अमेरिकेतील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच काळात लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत, युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांतील स्त्रियांसाठी त्या गृहशुश्रूषेचा वर्ग घेत असत. १८९३ सालच्या मार्च महिन्यातील एका पावसाळी सकाळी वर्गात एक लहान मुलगी आली आणि आजारी आईकडे येण्यासाठी विनवू लागली. चिखल तुडवीत, अंधाऱ्या जिन्यांवरून लिलियन तिच्यामागे गेल्या. दोन खोल्यांत सात माणसांचे कुटुंब आणि वर भाडेकरू. बाळंतीण रक्तस्रावाने क्षीण होऊन अस्वच्छ अंथरुणावर पडली होती. लिलियन यांनी तिची शुश्रूषा केली, खोली स्वच्छ केली. परतताना त्यांचा निर्णय झाला होता. वैद्यकीय शिक्षण त्यांनी सोडले आणि मेरी ब्रूस्टर या सहकारी परिचारिकेसह त्या त्याच वस्तीत राहावयास गेल्या.

दुरून येऊन मदत करणारा पाहुणा असतो. शेजारी राहणाऱ्याला घराची खरी स्थिती कळते. १८९५ साली हेन्री स्ट्रीटवर त्यांचे केंद्र स्थिरावले. तेथील परिचारिकांना कोणीही थेट बोलावू शकत असे; त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी वा धर्मसंस्थेची ओळख लागत नसे. ज्याला शक्य असेल त्याच्याकडून नाममात्र शुल्क घेतले जाई, कारण भिक्षा घेतल्याची भावना त्याच्या मनात राहू नये. ज्याला शक्य नसेल त्याची सेवा विनामूल्य होई. जिने चढण्या-उतरण्यातील वेळ वाचावा म्हणून पिशवी घेऊन एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाणाऱ्या या परिचारिका वस्तीच्या परिचयाच्या झाल्या. अशा कार्यकर्तीसाठी ‘सार्वजनिक आरोग्य परिचारिका’ हे नाव लिलियन यांनीच रूढ केले.

या कार्याची खरी कसोटी शाळेत लागली. संसर्गजन्य विकार आढळलेल्या मुलांना वैद्यकीय निरीक्षक घरी पाठवीत. पण घरी उपचार कोण करणार? ती मुले रस्त्यावर इतर मुलांत खेळत आणि रोगही पसरे, शिक्षणही बुडे. लिलियन यांनी १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोगादाखल चार शाळांत नेमण्यास दिले. साधे विकार शाळेतच बरे करणे, घरी जाऊन आईला उपचार शिकवणे, एवढेच तिचे काम. प्रयोग यशस्वी होताच नगर प्रशासनाने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले आजारामुळे शाळेबाहेर काढली गेली होती. पुढील वर्षीच्या सप्टेंबरात ही संख्या १,१०१ वर आली.

लिलियन केवळ रोगावर थांबल्या नाहीत. केंद्रामागील अंगणात मुलांसाठी क्रीडांगण झाले, मुलामुलींची मंडळे सुरू झाली, मातांचे वर्ग भरू लागले. नव्या परिचारिका अनुभवी भगिनींच्या हाताखाली तयार होऊन गावोगावी गेल्या. १९१२ साली अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला.

मार्ग निष्कंटक मात्र नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरू नये, ही त्यांची भूमिका अनेकांना रुचली नाही आणि काही देणगीदारांनी हात आखडता घेतला. तरीही १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा न्यूयॉर्कमधील परिचारिकांच्या आणीबाणी समितीचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले. मतभेद असणाऱ्यांनाही त्यांच्या कार्याची गरज नाकारता आली नाही. १९४० साली त्यांचे निधन झाले.

त्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे याच प्रश्नाशी झुंजत होत्या. १९०९ साली उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने परिचर्या हलकी मानणाऱ्या समाजातील स्त्रियांना ससून रुग्णालयातील प्रशिक्षणाकडे वळविले. कुलीन घरातील मुलीने परक्या रुग्णाला स्पर्श करावा काय, असे विचारणाऱ्या समाजाला या स्त्रियांच्या कामानेच उत्तर दिले. २००५ पासून खेडोपाडी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्याही याच परंपरेतील आहेत.

सेवेसाठी मोठी इमारत लागतेच असे नाही. पण कोणाच्या दारी आपण जात नाही, याचा प्रामाणिक हिशोब मात्र लागतो. आपल्या वस्तीत बाळंतिणीची, एकाकी वृद्धाची वा शाळा सुटलेल्या मुलाची चौकशी कोण करतो, हे प्रत्येकाने आज घरी जाऊन स्वतःला विचारावे. उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर तेथूनच कामाला प्रारंभ करता येईल.