भांडी घासायला किती रुपये लागतात?

सकाळची धुणीभांडी उरकून रेडिओ लावला असेल, किंवा भांडी घासता घासताच ऐकत असाल. घासत असाल तर नळ तेवढा बारीक करा. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागच्या महिन्यात एक अर्ज आला. गटातल्या एका वहिनींनी तीस हजार रुपये कर्ज मागितलं होतं. कशासाठी? भांडी धुण्याच्या मशीनसाठी. वाचून दाखवलं आणि सगळ्या हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "शेळी घे बाई, दूध तरी देईल." वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांना भेगा, तळव्याची साल निघालेली. त्या इंदापुरात घरगुती भाकरीच्या ऑर्डरी घेतात. डॉक्टरांनी सांगितलंय, साबणाच्या पाण्यात हात घालू नका. भेगाळलेल्या हातांनी पीठ मळता येत नाही आणि आलं तरी गिऱ्हाईक ते हात बघतं. मग आम्ही हसणं थांबवलं आणि वही काढली.

आधी पाणी मोजलं. माझ्याच घरी. आम्ही सहा माणसं. नळाखाली बादली लावली तर मिनिटाला साधारण सहा लिटर पाणी येत होतं. नळ सोडून वीस मिनिटं भांडी विसळली की एकशेवीस लिटर गेलं. दुसऱ्या दिवशी दोन घमेली घेतली, एक साबणाचं, एक विसळायचं. आधी खरकटं पुसून काढलं, मधे एकदा विसळायचं पाणी बदललं. तीस लिटरांत काम झालं. आपल्या आया आडावरून पाणी शेंदून आणायच्या, त्या असंच करायच्या. राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायचं, मग मोजक्या पाण्यात विसळायचं. नळ आला आणि आपण सैल झालो.

हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठानं सात देशांतल्या 113 जणांना बारा माणसांची भांडी हातानं धुवायला दिली होती. सरासरी शंभराच्या वर लिटर पाणी लागलं आणि एकोणऐंशी मिनिटं गेली. मशीनला त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी पाणी लागतं. पण 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात असंही दिसलं, की दोन भांड्यांत पाणी घेऊन हातानं धुतलं तर हवा तापवणारे वायू मशीनपेक्षाही कमी सुटतात. म्हणजे आपली दोन घमेली तिथंही पास झाली!

पाण्याचा हिशोब आपल्याकडे हलका घेता येत नाही. एकीकडे उजनीचा एवढा फुगवटा दिसतो, भीमा आहे, नीरा आहे. तरी खडकवासल्याच्या कालव्याच्या टोकाला आपण, आणि उन्हाळ्यात किती वाड्यावस्त्या टँकरची वाट बघतात ते तुम्हाला मी सांगायला नको. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलंय. सहा माणसांचे झाले 330. त्यातले एकशेवीस नुसते एका वेळच्या भांड्यांना गेले, तर अंघोळ, धुणं, जनावरं कशात बसवायची?

आता पैसे. हातानं घासायला साबणाची वडी आणि घासणी मिळून आमच्या घरात महिन्याला शंभराच्या आसपास जातात. मशीनचं असं: दिवसातून एकदा लावलं तर साधारण एक युनिट वीज, ते आठ रुपये धरा. तुमचं बिल बघून तुम्ही बदला. त्याची पावडर किंवा गोळी वेगळी येते, आपला भांड्यांचा साबण त्यात चालत नाही, फेस होऊन बाहेर येतो. तिचे बारा रुपये. शिवाय मीठ लागतं. जेवणातलं नव्हे, पाण्याचा जडपणा काढणारं वेगळं. आपल्या बोअरचं पाणी हंड्याला पांढरा थर धरतं, म्हणजे मीठ जास्तच लागणार. सगळं धरून रोजचे तेवीस-चोवीस, महिन्याचे सातशे रुपये.

वर मशीनची किंमत. तीस हजार गटाकडून घेतले, महिना एक टक्का व्याज, वीस हप्ते, तर व्याजाचे तीन हजार एकशे पन्नास होतात. दहा वर्षं टिकलं असं धरलं तर महिन्याला पावणेतीनशे पडतात. दुरुस्ती धरलेली नाही. एकूण पावणेदहाशे. त्यातून साबणाचे शंभर वजा केले तरी हातानं घासण्यापेक्षा दिवसाला एकोणतीस-तीस रुपये जास्त. आणि हे दहा वर्षांत वाटून. प्रत्यक्षात पहिले वीस महिने हप्त्याचे पंधराशे आणि व्याज द्यायचं, वर ते सातशे. दुकानदार हप्ता सांगतो, सातशे सांगत नाही.

इथं मावशी म्हणाल्या, "बघा, तोटाच आहे." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण वहीत एक रकाना रिकामा होता. वेळेचा.

केंद्र सरकारनं 2019 मध्ये लोक दिवसभर काय करतात याची पाहणी केली होती. तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईची रोजची 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची 97. आणि तेही जे पुरुष करतात त्यांचेच हं, न करणारे त्यात नाहीत. वहिनींच्या घरी दोन वेळची भांडी दीड तास खातात. मशीन आलं म्हणून दीड तास सुटणार नाही. ॲल्युमिनियमची पातेली त्यात काळी पडतात, पितळ-तांबं मळकट होतं, लोखंडी तवा गंजतो, लाकडी काटवट तडकते. ती हातानंच घासायची. खरकटं काढून लावायचंही आहेच. म्हणजे तासभर सुटेल. त्या तासात वहिनी पंचवीस भाकरी करतात आणि खर्च जाऊन भाकरीमागे चार रुपये उरतात. शंभर रुपये. तीस रुपये देऊन शंभर मिळत असतील तर सौदा वाईट नाही. पण त्या पंचवीस भाकरींना गिऱ्हाईक असलं तरच. ज्या बाईला तो तास विकता येत नाही, तिला मशीन परवडत नाही. तिनं दमायचं नाही असं मी म्हणत नाही. पैशाचं गणित तेवढं सांगितलं.

गंमत बघा, हे मशीन पहिल्यांदा नीट चालेल असं बनवलं ते एका बाईनंच. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी, पेटंट 1886 चं. पण सुरुवातीला ते घेतलं हॉटेलांनी. घरात तेवढं गरम पाणी कुठे होतं? वहिनींचंही घर कमी आणि खानावळ जास्त आहे, म्हणून मला ते पटलं.

मग गटातली एक मुलगी, नवरा गेल्यापासून माहेरी राहते, हळूच म्हणाली, "सातशे रुपये मला द्या की. मी येते भांडी घासायला." बैठक एकदम शांत झाली. पैसे गावात राहतील, खरं आहे. पण सातशे रुपयांत महिनाभर दोन वेळा येणं म्हणजे तासाला पंधरा-सोळा रुपये. आणि वहिनींच्या हाताच्या भेगा उद्या तिच्या हातावर जातील. त्यावर आमच्यात बराच वाद झाला, आणि तो मिटला असं मी सांगणार नाही.

शेवटी असं ठरलं. कर्ज मंजूर, पण दिवाळीपर्यंत उचलायचं नाही. तोवर वहिनींच्या मागच्या दारी उभं राहून घासता येईल असा ओटा बांधायचा, त्याला पाच हजार गटातून दिले. वहिनींनी रबरी मोजे घालायचे. घरातल्या प्रत्येकानं आपलं ताट-वाटी-तांब्या स्वतः विसळायचा, भाऊजींनीसुद्धा. त्या मुलीला भांड्यांना नाही, भाकरीला घ्यायचं, भाकरीमागे दोन रुपयांनी. बोअरच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यायचा. वस्तीवर वीज किती वेळा जाते तेही एक महिना वहीत लिहायचं, कारण मशीन एकदा लावलं की दोन-अडीच तास चालतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. भाऊजींनी ताट विसळलं होतं. नळ पूर्ण सोडून.